फुगायला जागा

हिराजीकाकांनी बसवलेली कुठलीही वस्तू पहिल्या दिवशी नीट बसलेली नसे. कपाटाचं दार असो, पिंपाचं लाकडी झाकण असो, खिडकीची फळी असो, सगळीकडे ते एक फट ठेवायचे आणि वर समाधानाने हात झटकून मोकळे व्हायचे. मी लग्न होऊन कुंभवलीत राहायला गेले तेव्हा आमच्या खोलीचं दार त्यांनीच बसवलेलं होतं. चौकट आणि दार यांच्यात माझी करंगळी आरामात जायची. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, त्यामुळे पुष्कळदा घरात मी एकटी. त्यात मी मिरजेकडची, तोंडाने फटकळ. शेजारी जाऊन सरळ विचारलं, "काका, हे दार बसवलंय की टेकवून ठेवलंय?"

ते ओट्यावर जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पावसाला लागंल, बाय. लाकूड पानी पितं. पिलं की फुगतं. त्याला फुगायला जागा नको?"

मी मनात म्हटलं, कामचुकार माणूस दिसतो. पण जुलै उजाडला आणि आमच्या चाळीतली सगळी दारं फुगून अडकली. माणसं खांदा देऊन घरात शिरायची आणि आतून लाथ मारून बाहेर यायची. माझं दार एका बोटाने लागत होतं. तसं मी काकांना सांगितलं, तर त्यांनी नुसतं 'हं' केलं. दिवाळीनंतर फट पुन्हा पडली आणि पुढचे आठ महिने डास तिच्यातूनच आले, पण त्याबद्दल त्यांच्याकडे दाद मागायची सोय नव्हती.

हिराजीकाका मूळचे चिंचणीच्या किनाऱ्यावरचे कोळी. अर्धं आयुष्य होडीवर गेलेलं. खांदे रुंद, आवाज समुद्रावर बोलल्यासारखा मोठा, आणि उजवा गुडघा जायबंदी. होडी ओढताना तो एकदा असा मुरगळला की पुन्हा पुरता वाकला नाही. आता ते मी नोकरीला लागले त्याच कारखान्यात कामाला होते. आमचा कारखाना रबराच्या पट्ट्या करायचा. मोटारींच्या दारांना, डिकीला, फ्रिजला लावतात तसल्या. मी ऑफिसात माल पाठवण्याच्या कामावर आणि काका पट्ट्या कापण्याच्या टेबलावर. सकाळी आम्ही बरोबर चालत निघायचो. त्यांच्या लंगडण्यामुळे माझी चाल मंदावली, ती अजून तशीच आहे.

कुंभवलीतून समुद्र दिसत नाही. पण काकांचं घड्याळ भरती-ओहोटीवर चालायचं. "भरती लागली की जेवू", "ओहोटीला बोईसरला जाऊन येतो" असं ते बोलायचे, आणि समोरच्याला ते कळेल असं धरून चालायचे. आमचा सुपरवायझर अकोल्याचा. त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर. एकदा काका कामावर उशिरा आले. त्याने कारण विचारलं, तर काका म्हणाले, "भरती आज मागे गेली, साहेब." सुपरवायझरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरं आहे, साहेब, रोज पाऊण तास मागे जाते." बिचाऱ्याने ते ऐकून घेतलं. नंतर तोही काकांना विचारायला लागला, आज भरती कधी आहे म्हणून. त्याला त्याचा काही उपयोग नव्हता, पण विचारायचा.

एकदा काकांनी कारखान्याच्या मागच्या तारेच्या कुंपणावर बोंबील वाळत घातले. दुपारपर्यंत ऑफिसातल्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. सुपरवायझर धावत आला. काका शांतपणे म्हणाले, "साहेब, त्या पल्याडच्या धुराड्यातून पिवळा धूर येतो, त्याला कोन बोलत नाय. माझ्या बोंबलाला सगळे बोलतात." बोंबील निघाले, पण काकांनी त्यातले मूठभर सुपरवायझरच्या डब्यापाशी ठेवले. तो शाकाहारी होता. दोन दिवस त्याने डबा धुतला.

अशा गोष्टी सांगितल्या की हिराजीकाका गमत्या माणूस वाटतात. ते तसे नव्हते. ते फार एकटे होते. संध्याकाळी कामावरून आले की ओट्यावर बसून जाळं विणायचे. होडी नाही, समुद्रावर जाणं नाही, तरी जाळं. एक पुरं झालं की ओळखीच्या कोळ्याला देऊन टाकायचे आणि दुसरं सुरू करायचे. बसायचे ते नेहमी चिंचणीकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. टेम्पो आला की हात थांबायचा, टेम्पो पुढे गेला की चालू व्हायचा. मला वाटायचं, कुणीतरी येणार आहे. वर्षभराने कळलं की कुणी येणार नाही.

ते त्यांनीच सांगितलं. माझा नवरा पाळीवर गेला होता आणि मी त्यांच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. विषय कसा निघाला आठवत नाही. त्यांना एकुलता एक मुलगा, मधू. गुडघा गेल्यावर काका किनाऱ्यावर बसले आणि होडी मधूकडे आली. मधू समुद्रावर गेला की नवरा-बायको दोघं वाळूत बसून वाट बघायची. वारा फिरला तरी ती बडबड करायची, पानाला चुना लावायची, वेळ जायचा. मग ती आजारात गेली. पुढे एका दिवशी मधूची होडी यायला उशीर झाला. सगळ्यांच्या होड्या लागल्या, त्याची नाही. अंधार पडता पडता आली, काही झालं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी काकांनी मधूला न विचारता होडी विकून टाकली आणि कुंभवलीत खोली घेऊन दोघांसाठी कारखान्यात नोकरी बघितली.

"ती व्हती तवर वाट बगायला दोगं व्हतो," काका म्हणाले. "एकट्याने वाट बगवत नाय, बाय."

मधूने नोकरी घेतली नाही. तो चिंचणीला मामाकडे निघून गेला. काकांना त्याच्या जाण्याचं दुःख होतंच, पण मनात सलत होता तो एक शब्द. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, पोस्टात जाऊन यायचं असलं तरी 'येतो' म्हणतात. मधू उंबऱ्यावर थांबून, बापाकडे बघून, 'जातो' म्हणाला होता.

पुढे चिंचणीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या एका शेठने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि बाहेरदेशातून पाण्यावर चालणारी स्कूटर आणली. निळी-पांढरी, दोन माणसं बसतील अशी. तिच्यावर पाहुण्यांना फिरवून आणायचं काम मधूला मिळालं. म्हणजे ज्या पाण्यावरून काकांनी त्याला उठवलं होतं, त्याच पाण्यावर तो परत गेला. काकांना बातमी लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लाकडाची असती तर बरं व्हतं."

दोन पावसाळे गेले आणि त्या स्कूटरच्या बॉनेटचं रबर खराब झालं. इंजिनाच्या वर झाकण असतं, त्याच्या कडेने खाचेत रबर बसवलेलं असतं. ते उन्हाने कडक झालं, दबून चपटं झालं, आणि लाटेचं पाणी आत जाऊन इंजिन बंद पडायला लागलं. नवीन रबर बाहेरदेशातून मागवायचं तर कधी येईल याचा भरवसा नव्हता. शेठने बजावलं, पुन्हा बंद पडली तर गाडी विकून टाकीन. मधूची नोकरी त्या रबरावर आली. काकांना नोकरीची नाही, वेगळी काळजी होती. शेठचा माणूस आमच्या कारखान्यात पट्टी मागायला आला, तेव्हा ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "खाडीच्या तोंडाशी ओहोटीत बंद पडली तर पानी पोराला भायेर ओढून नेईल." मग शेठच्या माणसाला सांगितलं, "पट्टी देनार नाय. गाडी घेऊन या. मी बसवतो."

रविवारी सकाळी आमच्या चाळीसमोर टेम्पो उभा राहिला. ओट्यावरच्या काकांचा हात थांबला, आणि या वेळी टेम्पो पुढे गेला नाही. ताडपत्रीखाली स्कूटर होती आणि शेजारी मधू. बापासारखेच खांदे. सहा वर्षांनी समोरासमोर आले होते.

"शेठने पाठवलंय," मधू म्हणाला.

"उतरव," काका म्हणाले.

मी चहा नेऊन दिला आणि तिथेच थांबले. चहा निमित्त होतं, मला बघायचं होतं. काकांनी जुनं रबर सोलून काढलं, खाचेतला जुना डिंक बोथट सुरीने खरवडला, पेट्रोलच्या फडक्याने खाच पुसली. मग सुपरवायझरकडून मागून आणलेली पोकळ पट्टी मागच्या बाजूने बसवायला सुरुवात केली. बोटाने दाबत, तसूतसू करत. मधूने मदतीला पट्टीचं टोक ताणून धरलं.

"वडू नको," काका म्हणाले. "वडून बसवलेलं मागे येतं. त्याला आपल्या आपन जाऊ दे."

मधूने हात सैल सोडला. दोघांपैकी कुणीही वर बघितलं नाही.

पट्टी सगळीकडून फिरून आली. दोन टोकं समोरासमोर आल्यावर काकांनी त्यांच्यात थोडी जागा ठेवून पट्टी कापली. मधू वाकून बघत होता.

"नखभर?" त्याने विचारलं.

"नखभर."

मधूने मान डोलावली. त्या दिवशी त्यांच्यात झालेलं सर्वांत लांब बोलणं एवढंच. मग काकांनी रबरावर खडू घासला, बॉनेट बंद करून उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला खडूची रेघ सगळीकडे उमटली होती, फक्त नखभर जागा कोरी. "तेवढं फुगून येईल," काका म्हणाले. माझ्या दाराचा अनुभव गाठीशी होता, म्हणून मीही जाणत्यासारखी मान डोलावली. तिघांपैकी कुणालाही त्यात काही खटकलं नाही.

मधू टेम्पोत चढला. निघताना काहीच बोलला नाही. काकांनी ऐकायला कान दिला होता, ते मला दिसलं.

पुढच्या रविवारी टेम्पो पुन्हा आला. स्कूटर पाहुण्यासकट पाण्यात बंद पडली होती. जवळून जाणाऱ्या एका होडीने ती ओढून आणली. मधू खाली उतरला तो रागाने लाल. बॉनेट उघडून त्याने त्या फटीत अंगठ्याचं नख घातलं आणि काही बोलायला तोंड उघडलं. मग त्याचा चेहराच बदलला.

"बाबा," तो म्हणाला, "हे लाकूड नाय. रबर हाय, फायबर हाय."

काकांनी वाकून झाकणावर बोट वाजवून बघितलं.

"हे पानी पीत नाय, बाबा. हे फुगायचं नाय."

काकांना ते उमगायला वेळ लागला. जन्मभर लाकडाला पाणी पाजलेला माणूस, त्याच्या हाताने फट आपोआप ठेवली गेली होती. आणि मधूनेही ती बघून मान डोलावली होती, कारण त्यालाही तेच शिकवलं होतं. दुसरा कुणी असता तर पहिल्याच दिवशी ओरडला असता, अहो, हे भोक कसलं? आधी काका हसले, मग मधू. हसता हसता मधूने ओट्याला टेकून बसकण मारली. काका डोळे पुसत होते आणि ते हसण्याचं पाणी होतं असं मी तेव्हा धरलं. शेठ, स्कूटर, नोकरी सगळं बाजूला राहिलं. मधू त्या दिवशी जेवायला थांबला. भात आणि बोंबलाचं कालवण. जेवण झाल्यावर त्याने ओट्यावरचं अर्धवट जाळं मांडीवर ओढलं आणि दोन ओळी विणल्या. काकांनी त्या नंतर कधी उसवल्या नाहीत, आणि ते जाळं कुणाला दिलंही नाही.

दुपारी काकांनी नवी पट्टी बसवली. या वेळी दोन्ही टोकं तिरपी कापली, एकावर एक चढवली, डिंक लावून अंगठ्याने दाबून धरली. डिंक सुकेपर्यंत अंगठा काढला नाही. मधू म्हणाला, "मी धरू?" तर मानेनेच नको म्हणाले. सुकल्यावर त्यांनी अंगठ्याचं नख सगळ्या रबरावरून फिरवलं, पुढून मागे, हळूहळू, आणि जोडावर थांबले. नख कुठे अडकलं नाही. खडूची रेघ पूर्ण गोल उमटली.

मधू टेम्पोत चढला. गाडी सुरू झाली आणि तो खिडकीतून म्हणाला, "येतो, बाबा."

टेम्पो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत काका उभे होते. मग दुखरा गुडघा चोळत ओट्यावर बसले.

"पक्कं बसवलंय, बाय. आता चार-पाच वर्सं तरी बगायला नको."

"छान झालं की."

"छान झालं," ते म्हणाले. जाळ्याची सुई उचलत म्हणाले, "आता कशाला येईल तो?"

"येतो म्हणाला ना तुम्हाला?"

"हां. म्हनाला."

त्यानंतर मधू आला नाही. गणपती गेले, दिवाळी गेली, होळीही गेली. काका रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि टेम्पो पुढे जायचे. मला त्यांच्याकडे बघवेना. एके दिवशी न राहवून म्हटलं, "काका, त्या दिवशी जोड जरा ढिला ठेवला असता तर बरं झालं असतं. महिन्या-दोन महिन्यांनी पोरगं दुरुस्तीला तरी आलं असतं."

ते एवढे चिडलेले मी तेव्हाच पाहिले. हातातली सुई खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पोराच्या बुडाखाली फट ठेवू, बाय?"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी आम्ही एकाच चालीने, पण गप्प, कामावर जात होतो. माझी चूक मला पहिल्या क्षणीच कळली होती. तरीही, खरं सांगायचं तर, त्यांनी ती फट ठेवायला हवी होती असं मला पुढेही कितीतरी दिवस वाटत राहिलं. मी त्यांची रिकामी संध्याकाळ रोज बघत होते.

मग माझ्या नवऱ्याला नाशिकला नोकरी लागली आणि आम्ही कुंभवली सोडली. निघताना काकांनी आमच्या सामानाच्या पेटीचं झाकण दुरुस्त करून दिलं. अर्थात फट ठेवून.

दोनेक वर्षांनी बोईसरला एका लग्नाला आलो होतो. दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून आमच्या लहानग्या मुलीला समुद्र दाखवायला चिंचणीला गेलो. नवरा तिला घेऊन पाण्याशी गेला आणि मी सुरूच्या झाडांत सावली शोधत होते, तर तिथे हिराजीकाका. सुरूच्या मुळाशी, दुखरा पाय लांब सोडून बसलेले. खांदे उतरले होते. मला बघून त्यांनी शेजारची वाळू हाताने सारखी केली, बसायला.

"इथे कसे, काका?"

"सुट्टीच्या दिवशी येतो."

समोर निळी-पांढरी स्कूटर पाहुण्यांना घेऊन जात होती, येत होती. रंग उडाला होता. काका तिच्याकडे बघत नव्हते, मान जरा वाकडी करून ऐकत होते.

"कोरडं हाय," ते म्हणाले. "इंजिन. आवाज बगा कसा सुटा येतो."

"मधूला भेटलात?"

"तो कामावर हाय." मग म्हणाले, "नंतर येईल तो. येतो म्हनाला हाय."

उन्हं उतरली. पाहुणे आपापल्या खोल्यांकडे परतले. स्कूटर आणखी एकदा बाहेर गेली, लांब खाडीच्या तोंडापर्यंत. काकांनी श्वास धरलेला मला जाणवला. ती वळली आणि सरळ किनाऱ्याला लागली. मग ते झाडाला धरून उठले, लेंग्याची वाळू झटकली, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"येतो, बाय. गाडी चुकंल."

ते सुरूंतून स्टँडकडे निघाले. मला राहवेना. मी तरातरा वाळू तुडवत मधूकडे गेले. तो बॉनेट उघडून रबरावरून अंगठ्याचं नख फिरवत होता, पुढून मागे, हळूहळू. त्याने मला ओळखलं.

"तुझे बाबा इथे होते," मी म्हटलं. "आत्ता गेले. किती वेळ बसले होते."

"म्हाईत हाय. दर रविवारी येतात."

"तुला माहीत आहे?"

"तितनं लांबचं नीट दिसत नाय त्यांना आता. आवाजावर बसतात." त्याचं नख जोडापाशी येऊन थांबलं होतं. "सगळे पावने गेले की मी एक फेरी रिकामी मारतो. खाडीपर्यंत. ती झाली की ते उटतात."

मी म्हटलं, "अरे, मग जाऊन भेट ना त्यांना."

त्याने बॉनेट लावलं, तळहाताने दाबून बघितलं.

"जायचं हाय," तो म्हणाला. "येतो सांगितलंय मी."

मी मागे वळून बघितलं. सुरूच्या पलीकडे काका एक पाय ओढत स्टँडच्या रस्त्याला लागले होते. तिथे एसटी उभी होती. त्यांनी दांडीला धरलं, दुखरा पाय हाताने उचलून पायरीवर ठेवला आणि आत चढले.